आजीच्या अंगठीतील माणिक आणि नवा सुटा खडा: आतील खुणांवरून काय ठरवता येते?

मुळाकाठ (प्रश्न)

आमच्या आजीच्या अंगठीत एक माणिक आहे. अंगठी तिच्या लग्नातली, म्हणजे १९४०च्या दशकातील असून ती मुंबईत घडवलेली आहे, एवढेच घरात माहीत आहे. दुसरा खडा मी अलीकडे सुटा घेतला. तो सुमारे तीन कॅरटचा आणि गडद लाल आहे. विकताना तो ‘आफ्रिकेचे माणिक, फक्त हीट केलेले’ असे सांगण्यात आले. परंतु त्या वजनाच्या माणकाच्या मानाने किंमत इतकी कमी होती की घरी आल्यावर मला शंका येऊ लागली. दोन्ही खडे ओळखीच्या सराफांना दाखवले, तेव्हा त्यांनी आजीच्या खड्याचे ‘आत एकही डाग नाही, असा माल आता मिळत नाही’ असे कौतुक केले आणि नव्या खड्यात चिरा फार आहेत म्हणून नाक मुरडले.

मी सध्या रत्नपरीक्षेचा प्राथमिक अभ्यास करते. माझ्याकडे दहापट भिंग आहे आणि एका परिचितांचा सूक्ष्मदर्शक काही दिवसांसाठी मिळाला आहे. आजीच्या खड्यात कोठेही स्फटिक किंवा सुया दिसत नाहीत. मात्र अंगठी तिरपी धरून बाजूने प्रकाश टाकला की काही अतिशय बारीक गोल ठिपके आणि फार पुसट अशा वक्र रेषा दिसतात. नव्या खड्यातील चिरा पृष्ठभागापर्यंत येतात, खडा हलवला की त्यांत निळसर आणि कधी नारिंगी चमक उमटते, आणि काही चिरांच्या आत चपटे, वाटोळे बुडबुडे आहेत.

या खुणांचा अर्थ काय घ्यावा? नवा खडा पुढील आठवड्यात अंगठीत बसवायला द्यायचा आहे. त्याआधी काही काळजी घेणे आवश्यक आहे का?

स्फटिकरेषा

तुमचे निरीक्षण चांगले आहे आणि बहुतेक उत्तर त्यातच आले आहे. मी आजीच्या खड्याविषयी लिहितो. दुसऱ्या खड्याविषयी व्यापारातील मंडळी अधिक नेमके सांगतील. मात्र पुढचे वाचेपर्यंत तो खडा सोनाराकडे देऊ नका.

माणकात दिसणाऱ्या वक्र रेषा आणि त्यांच्या सोबतीला वायूचे गोल बुडबुडे ही ज्योत-वितलन पद्धतीने, म्हणजे व्हर्नुईच्या भट्टीत, घडवलेल्या माणकाची खूण आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ऑग्युस्त व्हर्नुई यांनी ही पद्धत १९०२मध्ये जाहीर केली. तीत ॲल्युमिनियम ऑक्साइडची बारीक भुकटी थोड्या क्रोमियम ऑक्साइडसह हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या ज्योतीतून खाली सोडतात. सुमारे २०५० अंश सेल्सिअसला ती वितळते, खालच्या फिरत्या आधारावर थेंबाथेंबाने साचते आणि वरून घुमटाकार असलेला एक कांडा वाढत जातो. प्रत्येक नवा थर त्या घुमटावर बसत असल्यामुळे थरांच्या सीमारेषा वक्र राहतात. निसर्गातील कुरुंदाचा (हे मूळ खनिज; लाल ते माणिक, इतर रंगांचे ते नीलम) स्फटिक मात्र सपाट पृष्ठांनी वाढतो. त्यामुळे त्याच्या वाढीच्या आणि रंगाच्या पट्ट्या सरळ असतात आणि एकमेकींना १२० अंशांच्या कोनात मिळतात. वक्र की सरळ, हा प्रश्न क्षुल्लक वाटला तरी बहुतेक वेळा निकाल त्यावरच लागतो.

येथे दोन ठिकाणी फसगत होऊ शकते. पॉलिश करताना पैलूंवर उमटलेले ओरखडेही रेषांसारखे दिसतात. परंतु ते पृष्ठभागावर असल्यामुळे एका पैलूपाशी थांबतात आणि शेजारच्या पैलूवर त्यांची दिशा बदलते. वाढीच्या रेषा खड्याच्या आत असतात व पैलूंची पर्वा न करता सलग जातात. सूक्ष्मदर्शकाचा फोकस पृष्ठभागावरून हळूहळू खाली नेला, म्हणजे हा फरक लगेच कळतो. दुसरी गोष्ट बुडबुड्यांची. म्यानमारमधील मोगोकच्या माणकांत कॅल्साइटचे गोलसर झालेले स्फटिक असतात आणि घाईने पाहणाऱ्याला ते बुडबुडे वाटू शकतात. असे स्फटिक एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या दोन ध्रुवक (पोलरायझिंग) काचांमध्ये उजळताना दिसतात, वायूचा बुडबुडा तसा उजळत नाही.

रेषा अधिक स्पष्ट पाहायच्या असतील तर खडा पाण्यात किंवा बाळाच्या मालिशच्या तेलात बुडवून, खालून येणारा प्रकाश पडद्याने अरुंद करून, प्रत्येक दिशेने फिरवून पाहावा. कारण अनेक खड्यांत त्या एकाच दिशेने दिसतात. प्रयोगशाळेत यासाठी मिथिलीन आयोडाइड वापरतात. त्याचा वक्रीभवनांक (प्रकाश किती वाकतो त्याचे माप) १.७४, म्हणजे कुरुंदाच्या जवळचा असल्याने पैलूंवरचे परावर्तन जवळजवळ नाहीसे होते आणि फक्त आतील रचना दिसते. ते घरी वापरण्याचे द्रव्य नव्हे.

अंगठी जुनी आहे म्हणून खडा नैसर्गिक असलाच पाहिजे, हा समज आपल्याकडे फार रुजलेला आहे. वस्तुस्थिती अशी की १९०७पर्यंत या पद्धतीचे वार्षिक उत्पादन सुमारे १००० किलो, म्हणजे ५० लाख कॅरट झाले होते, आणि १९४०च्या दशकात असे खडे जगभरच्या दागिन्यांत सर्रास बसत होते. तेव्हाच्या सराफाने फसवलेच असेल असेही नाही. अनेकदा ते त्या काळी नव्या शास्त्राचे अपत्य म्हणून उघडपणे विकले जात.

‘आत एकही डाग नाही’ हे माणकाच्या बाबतीत कौतुकाचे नव्हे, तर चौकशी सुरू करण्याचे कारण आहे. घडवलेल्या आणि नैसर्गिक माणकाचा वक्रीभवनांक एकच (१.७६२ ते १.७७०), विशिष्ट घनता एकच (सुमारे ४.००), कठीणपणा एकच. अतिनील प्रकाशात मोगोकचे माणिकही लालभडक चमकते आणि व्हर्नुईचेही. काच किंवा स्पिनेल (माणकासारखे दिसणारे दुसरे खनिज) असते तर या कसोट्यांनी वेगळे काढता आले असते. येथे दोघांचे रसायन एकच असल्यामुळे आतील खुणांखेरीज घरबसल्या दुसरा साक्षीदार मिळत नाही.

उलट बाजूही लक्षात ठेवावी. वक्र रेषा दिसल्या नाहीत म्हणजे खडा नैसर्गिक ठरला, असे होत नाही. फ्लक्समध्ये, म्हणजे वितळलेल्या द्रावकात, वाढवलेल्या माणकांत वक्र रेषा नसतातच. त्यांत फ्लक्सचे पिळदार, धुरकट पडदे असतात, जे नैसर्गिक माणकातील भरून आलेल्या चिरांसारखे दिसतात, आणि कधी मुशीतून आलेली प्लॅटिनमची चकचकीत, कोनदार पत्री आढळते. शिवाय व्हर्नुईचा खडा मुद्दाम तापवून थंड द्रवात टाकायचा, त्याला चिरा पाडायच्या आणि मग फ्लक्समध्ये ठेवून त्या भरून काढायच्या, हा उद्योगही पुष्कळ झालेला आहे. अशा खड्यात बोटांच्या ठशांसारख्या नक्ष्या पाहून अनेक जण ‘नैसर्गिक’ म्हणून मोकळे होतात.

जवाहीर_गल्ली

ताई, नव्या खड्याविषयी. चिरांत निळी आणि नारिंगी चमक व चपटे बुडबुडे, हे वर्णन शिसे असलेल्या काचेने भरलेल्या माणकाचे आहे. फोटो न पाहताही मी हे जवळजवळ खात्रीने सांगतो, कारण भाव आणि वजन यांचा तुम्ही सांगितलेला मेळही तेच सुचवतो. ‘फक्त हीट केलेले’ हे सांगणे मात्र अत्यंत आक्षेपार्ह आहे.

हा माल २००४च्या सुमारास बाजारात आला. सुरुवातीचा बराचसा कच्चा माल मादागास्करमधील आंदिलामेना येथील होता: पांढुरका, चिरांनी भरलेला, ज्याला पैलू पाडणेही परवडले नसते. असा कुरुंद आम्लाने स्वच्छ करून, शिशाचे प्रमाण भरपूर असलेल्या काचेच्या चूर्णासोबत तापवतात. शिशामुळे काच कमी तापमानाला वितळते, चिरांत खोलवर शिरते आणि तिचा वक्रीभवनांक माणकाच्या जवळ जातो. त्यामुळे चिरा अदृश्य होतात व अपारदर्शक दगड एकाएकी पारदर्शक दिसतो. मात्र काच आणि माणिक यांचे अपस्करण, म्हणजे प्रकाशातील रंग वेगळे करण्याचे प्रमाण, सारखे नसल्यामुळे चिरेच्या पातळीशी समांतर पाहिले की निळी किंवा नारिंगी चमक उमटते. काच भरताना अडकलेली हवा चपट्या बुडबुड्यांच्या रूपात राहते. आणखी एक तपासणी करा: पृष्ठभागावर परावर्तित प्रकाश पाडून चीर जेथे वर येते ती जागा पाहा. माणिक दहापैकी ९ कठीणपणाचे आणि काच मऊ, म्हणून भरलेली रेघ शेजारच्या पॉलिशच्या मानाने मंद आणि किंचित खचलेली दिसेल.

आता काळजीचे. अंगठी झाळताना त्या खड्यावर ज्योत गेली तर काच वितळून बाहेर येते आणि खडा पांढऱ्या जाळीने भरून जातो. झाळल्यानंतर दागिना तेजाबात उकळण्याची जी पद्धत आहे, तिनेही काच खाल्ली जाते. लिंबाच्या रसात बराच वेळ राहिला तरी पृष्ठभागाजवळची काच कोरली जाते, म्हणजे स्वयंपाकघरातही हा खडा सुरक्षित नाही. अल्ट्रासोनिक यंत्रात तो टाकू नये. बसवायचाच असेल तर अंगठीचे सर्व झाळकाम, तेजाब आणि पॉलिश आधी पूर्ण करून, अगदी शेवटी खडा नख्यांत दाबून बसवण्यास सांगावे. पुढे माप बदलताना आधी खडा काढून घ्यावा. कारागिराला हे स्पष्ट सांगितले नाही तर तो नेहमीच्या माणकाप्रमाणे वागेल आणि दोष त्याचा ठरणार नाही.

हीट करणे हा वेगळा विषय आहे. बाजारातील बहुतांश माणिक आणि नीलम भट्टीतून गेलेले असतात. तो रंग टिकाऊ असतो आणि तसे सांगून विकण्यात काही गैर नाही. हीट करताना बोरॅक्ससारखे फ्लक्स वापरले असेल तर चिरा भरून येतात व थोडा काचसदृश अवशेष राहतो. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला म्यानमारमधील मोंग शू येथील माल येऊ लागला, त्याच्या गाभ्यात निळसर काळा डाग असे. तो घालवण्यासाठी सारा माल तापवला जाई आणि हे अवशेष तेव्हापासून सर्रास दिसू लागले. प्रमाणपत्रावर अवशेष अल्प, मध्यम किंवा लक्षणीय असे लिहिलेले असते, ते याविषयी. शिशाची काच त्या श्रेणीत मोजत नाहीत. काचेचे प्रमाण खूप असेल तर काही प्रयोगशाळा त्या वस्तूला माणिक न म्हणता माणिक व काच यांची संयुक्त वस्तू म्हणतात, आणि ते योग्यच आहे.

मुळाकाठ

आपण दोघांनीही फार तपशीलवार लिहिले, आभारी आहे. खडा कारागिराकडे देण्याचे थांबवले आहे. आजीचा खडा घडवलेला निघाला याचे आईला थोडे वाईट वाटले, पण अंगठी आहे तशीच राहणार आहे.

यावरून पुढचा प्रश्न पडतो. माझ्या भावाला पुष्कराज, म्हणजे पिवळा नीलम, घ्यायचा आहे आणि त्याला ‘बिनहीटचा सिलोनी’ म्हणून एक दाखवला आहे. खडा तापवलेला नाही, हे सूक्ष्मदर्शकाने सिद्ध करता येते का?

अभ्रक

माझ्या अनुभवात बऱ्याच वेळा येते. न तापवलेल्या श्रीलंकेच्या कुरुंदात रूटाइलच्या (टायटॅनियमच्या खनिजाच्या) लांब, बारीक सुया ६० आणि १२० अंशांच्या कोनांत विणलेल्या दिसतात, यालाच व्यापारात रेशीम म्हणतात. खडा दीड हजार अंशांच्या पुढे तापवला की ते रूटाइल कुरुंदातच विरघळू लागते, सुया तुटून ठिपक्यांच्या रांगा उरतात किंवा काहीच उरत नाही. गेउडा नावाचा श्रीलंकेचा दुधी कुरुंद १९७०च्या दशकात थायलंडच्या व्यापाऱ्यांनी नेऊन तापवायला सुरुवात केली, ती याच रसायनावर: रेशमातील टायटॅनियम विरघळून लोहासोबत निळा रंग देते. तापवलेल्या खड्यात आतील स्फटिक प्रसरण पावल्यामुळे त्यांच्याभोवती तबकडीसारखी, काठाला चकाकणारी चीर पडलेली असते. रेशीम अखंड आणि स्फटिकांच्या कडा शाबूत असतील तर खडा तापवलेला नाही, असे म्हणायला हरकत नाही.

श्रीलंकेच्या खड्यांत आणखी एक सुंदर पुरावा मिळतो, तो म्हणजे द्रवरूप कार्बन डायऑक्साइड आणि त्यात फिरणारा बुडबुडा असलेली पोकळी. खडा भट्टीत गेला असता तर आतल्या दाबाने ती पोकळी फुटली असती. मात्र हा बुडबुडा ३१ अंशांच्या वर नाहीसा होतो, कारण त्या तापमानापलीकडे द्रव आणि वायू असा भेदच उरत नाही. मे महिन्यात मुंबईत पंख्याखाली बसून पाहणाऱ्याला तो दिसणार नाही. वातानुकूलित खोलीत, खडा चिमट्याने धरून पाहावा.

स्फटिकरेषा

अभ्रक यांच्या पहिल्या भागाशी मी पूर्ण सहमत नाही. अखंड रेशीम हे उच्च तापमानाला तापवले नसल्याचे लक्षण आहे, मुळीच तापवले नसल्याचे नव्हे. मोझांबिकमधील मोंतेपुएझ येथे २००९मध्ये माणके सापडली, त्यांतील पुष्कळ माल १००० अंशांच्या खाली तापवून त्यातील निळसर छटा काढतात. तेवढ्या तापमानाला रूटाइल विरघळत नाही आणि रेशीम जसेच्या तसे राहते. अशा वेळी चिरांतील लोहाचे डाग पाहावेत: पिवळट तपकिरी गोएथाइट सुमारे ३०० अंशांनाच पाणी गमावून लालसर हेमॅटाइट होते. तेही अनेकदा रामन किंवा इन्फ्रारेड वर्णपटाने पडताळावे लागते, नुसत्या डोळ्यांवर विसंबणे धोक्याचे आहे.

आणि पुष्कराजाच्या बाबतीत तर मी सूक्ष्मदर्शकावर अजिबात थांबणार नाही. २००१-०२ या काळात थायलंडच्या चंथाबुरीतून नारिंगी-गुलाबी नीलम मोठ्या संख्येने बाहेर आले, तेव्हा जगभरच्या प्रयोगशाळा काही काळ चक्रावल्या. पुढे उलगडा झाला की ते बेरिलियमच्या सान्निध्यात अतिउच्च तापमानाला ठेवले होते आणि त्या मूलद्रव्याचे काही दशलक्षांश कण आत शिरून रंग बदलत होते. फिकट किंवा नको त्या छटेच्या खड्यांना याच पद्धतीने गडद पिवळा रंग देतात, त्यामुळे आपल्याकडील पुष्कराजाच्या बाजाराशी याचा थेट संबंध आहे. बाहेरून टायटॅनियम मुरवलेल्या निळ्या नीलमात खडा द्रवात बुडवला की रंग पैलूंच्या कडांशी साचलेला दिसतो; बेरिलियम हलके असल्याने ते पुष्कळदा संपूर्ण खड्यात पोचते आणि अशी कडा दिसतच नाही. नेहमीच्या एक्स-किरण यंत्राला बेरिलियम सापडत नाही, लेझरने सूक्ष्म कण उडवून करायची तपासणी लागते. पुष्कराजाचा पिवळा रंग किरणोत्साराने आणलेला असेल, तर तो उन्हात फिकाही पडतो.

घडवलेल्या पिवळ्या नीलमाविषयी एक युक्ती मात्र घरी करता येते. त्यातील वक्र पट्ट्या पिवळ्या रंगामुळे जवळजवळ दिसत नाहीत. प्रकाशाच्या वाटेत निळी, धुरकट काच ठेवून पाहिले तर त्या उठून दिसतात.

जवाहीर_गल्ली

सहमत. आणि कृपया ‘सिलोनी’ हे एका खुणेवरून ठरवू नका. पाचूतच पाहा: दातेरी पोकळी, तीत द्रव, बुडबुडा आणि मिठाचा घन, ही त्रिप्रावस्था खूण कित्येक वर्षे कोलंबियाची म्हणून शिकवली गेली, आणि तशाच खुणा अफगाणिस्तानच्या पंजशीरच्या मालातही आढळतात. मूळ खाण सांगणे हे प्रयोगशाळेच्या अनेक मोजमापांवर बेतलेले मत असते, आणि प्रामाणिक प्रयोगशाळा ते मत म्हणूनच देते. याउलट गोमेदाच्या आतील ती लहरती रचना, पाण्यात साखरेचा पाक सोडल्यावर दिसते तशी, भिंगातून एकदा पाहिली की नारिंगी काचेशी गल्लत होत नाही. प्रत्येक रत्नाच्या खुणांचे वजन वेगळे असते, हे विद्यार्थ्यांना कोणी पुरेसे सांगत नाही.

पाचूचा विषय निघालाच आहे तर आणखी एक: पाचूत तेल असणे हा दोष मानू नये. पृष्ठभागापर्यंत चिरा नसलेला पाचू विरळाच, आणि सिडार तेल भरण्याची रीत जयपुरात रोजची आहे. हिरवा रंग मिसळलेले तेल ही मात्र लबाडी आहे. त्यात रंग चिरांच्या रेषांत साचलेला दिसतो.

मुळाकाठ

आता पुष्कराज विकत घेण्यापूर्वी भावाला प्रयोगशाळेचा अहवाल मागायला सांगते. शेवटचे विचारते: आजीची अंगठी तपासणीला पाठवायची झाल्यास खडा काढावा लागेल का? कोंदण मागून बंद आहे आणि नख्या झिजलेल्या आहेत.

स्फटिकरेषा

बसवलेल्या खड्याचाही अहवाल मिळतो, परंतु त्यात वजन अंदाजे असते आणि प्रक्रियेविषयीची टिप्पणी ‘कोंदणामुळे मर्यादित’ अशी येऊ शकते. मागून बंद कोंदणात आणखी अडचण असते, कारण जुन्या कामात खड्याखाली रंगीत वर्ख घालण्याची पद्धत होती आणि रंगाचे श्रेय कोणाला द्यावे हेच कळत नाही. तुमच्या बाबतीत वक्र रेषा आधीच दिसल्या आहेत. त्या एखाद्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेने, उदाहरणार्थ मुंबईतील जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया किंवा जयपूरच्या आयआयजीजे रिसर्च अँड लॅबोरेटरीज सेंटरने (पूर्वीची जेम टेस्टिंग लॅबोरेटरी), अंगठीतच पाहून नोंदवल्या तरी निष्कर्षाला तेवढे पुरेसे आहे. केवळ अहवालासाठी झिजलेल्या नख्या उघडण्याचा धोका पत्करू नये. नख्यांना नवे सोने चढवण्याचे काम कधी काढलेच, तर त्याच वेळी खडा सुटा करून वजन व अहवाल करून घ्यावा. व्हर्नुईच्या माणकात काच भरलेली नसल्यामुळे झाळकामाच्या बाबतीत तो तुमच्या नव्या खड्यापेक्षा कितीतरी निर्धास्त आहे. तरीही तापलेला खडा एकदम पाण्यात बुडवू नये, एवढे कारागिराला सांगावे.